वितळलेली गाठ

नागपूरच्या त्या मेंदू-संशोधन संस्थेत पेशीवाचक आल्यापासून गाठीचा तुकडा तपासायला कवटीला भोक पाडणं जवळजवळ बंदच झालं होतं. हे यंत्र बाहेरूनच मेंदूतल्या गाठीचं वागणं वाचत असे. ते आजवर एकदाही चुकलेलं नाही, अशी त्याची ख्याती होती. ख्यातीवर विसंबलं की शहाणी माणसंही प्रश्न विचारायचं सोडतात.

"रेवतीबाईंची गाठ विरली," यंत्राचे निर्माते डॉ. इरफान शेख समाधानाने म्हणाले. "लसीकापेशींचा कर्करोग आणि साधी सूज चित्रात सारखीच दिसते. पण औषधाशिवाय विरते ती सूज."

"स्टेरॉइड दिलं तर हा कर्करोगही विरतो," मेंदूतज्ज्ञ डॉ. मुग्धा देशकर म्हणाल्या. "काही आठवड्यांपुरता. मग जोराने उलटतो."

"त्यांना कुठलंच औषध चालू नाही. यंत्राने विचारलं होतं."

आता घरी जा, हे सांगायला दोघं रेवतीबाईंच्या खोलीत गेले. इतके दिवस देव पाण्यात घालून बसलेले प्रभाकरराव गावंडे बायकोसाठी दुधात काहीतरी कालवत होते.

"हे काय?" मुग्धाबाईंनी विचारलं.

"गुडघ्यांची पुडी जी, वैदूकडची. दोन महिन्यांपासून घेऊन राहिली. पाहा, गालही कसे भरले!"

"औषध घेत नाही म्हणालात ना?"

"हे कुठं औषध आहे जी? देशी आहे."

पुडी तपासली. तिच्यात स्टेरॉइड होतं, आणि भरपूर होतं.

"पुडी हळूहळू बंद करायची," मुग्धाबाई म्हणाल्या. "गाठ परत आली तर तुकडा काढून तपासू. कर्करोग निघाला तर त्यावर खरे उपचार आहेत. नाही आली, तर सूजच होती."

"म्हणजे आता गाठ यायची वाट पाहायची?" प्रभाकररावांना रडू फुटलं. "मीच पाजली जी तिला!"

रेवतीबाईंनी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. त्याही घाबरल्या होत्या, पण आवाज शांत होता. "पाहू वाट. पण डॉक्टर, माझ्याआधी सूज म्हणून ज्यांना घरी पाठवलं, त्यांना कोणी पुडीचं विचारलं होतं काय?"

घरी गेलेला रुग्ण परत आला नाही की तो बरा झाला, असंच यंत्र धरत आलं होतं. आणि इरफानही.

सूज म्हणून घरी पाठवलेल्या गोंदियाच्या एका रुग्णाकडे पहिला फोन त्यांनी स्वतः लावला.

"ते दिवाळीतच गेले जी," पलीकडची बाई म्हणाली. "तुमचा काही दोष नाही. तुमच्याकडून आले तेव्हा पार बरे होते."