पायाशी खोचलेली चादर

बाई दारात आल्या तेव्हा बसवाले भाऊ मांडीवर पॅन्ट पसरून तिच्यावरचा डाग रॉकेलने घासत होते. ही पॅन्ट अंगातली नव्हती, एवढं नशीब.

"बाहेर जाऊन घासा," काकू म्हणाल्या. "अशील पळून जाईल."

काकूंनी सगळी नोकरी सीमेवरच्या कस्टम चौकीत लोकांच्या बॅगा उघडण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्यांनी गुपितं उघडायचा धंदा काढला. ऑफिस म्हणजे एक खोली. खाली पैसे बदलून देणाऱ्याचं दुकान होतं, त्याचं शटर मंदी आल्यापासून वर गेलं नव्हतं. पलीकडच्या देशातले पर्यटक यायचे थांबले, तशी भाऊंची टुरिस्ट बसही थांबली आणि भाऊ काकूंकडे येऊन बसू लागले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, त्यातलाच प्रकार.

"तुम्ही मला ओळखलं नाही," बाई भाऊंना म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्याच बसने आले होते. समुद्राकाठच्या वसाहतीत घरं बघायला."

"अरे हो, ताई! तुमच्या भावाचं..." भाऊ अडखळले.

"तेच." ताई खुर्चीत बसल्या. केसपेपर वाचून दाखवावा तशा त्या बोलत होत्या. आवाजात चढ नव्हता की उतार नव्हता. "मी निवृत्त नर्स आहे. लग्न केलं नाही. मला दादाच होता. सीमेच्या इकडे पेन्शन दुप्पट पुरते म्हणून त्याने वसाहतीत घर घेतलं. दर फोनला म्हणायचा, ये, शेजारचं घर घे, म्हातारपणी एकमेकांच्या हाकेवर राहू. शेवटी सगळी पुंजी घेऊन आले. गेटवरच मॅनेजर म्हणाले, दादांना रात्रीपासून कणकण आहे, आत्ताच डोळा लागलाय."

"तुम्ही बघायला गेला नाहीत?" काकूंनी विचारलं.

"मीच म्हटलं, उठवू नका. झोपलेल्या पेशंटला विनाकारण उठवायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं. मग सह्या झाल्या, जेवण झालं. संध्याकाळी गेले, तर तो गेलेला होता."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदयविकार. ते खरंच असेल. पण चादर दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली होती, पायाशीसुद्धा. दादाला पाय झाकलेले कधी चालले नाहीत, कडाक्याच्या थंडीतही बाहेर असायचे. पाठीशी दोन उशा होत्या. अंगात कोपराला ठिगळ लावलेला जुना शर्ट. तळहातावर पाला चुरगळल्यासारखा डाग होता, धुतला तरी गेला नाही."

काकूंनी काही लिहून घेतलं नाही. त्यांची ती पद्धतच नव्हती.

"आणि दुसरं," ताई म्हणाल्या. "वसाहत ओसाड आहे, हे सही झाल्यावर कळलं. निम्म्या घरांना कुलपं आहेत. दादा तिथेच राहत होता, त्याला हे दिसत नव्हतं का? तो कसा गेला ते शोधा. आणि त्याने मला फसवलं का, तेही."

"दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट निघालं तर?"

"मला सध्या काहीच होत नाही, काकू. वाईट वाटलं तरी चालेल."

तिघं वसाहतीत पोचले. तिथलं ऑफिस म्हणजे गेटाजवळचं नमुन्याचं घर. गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेलं. टेबलावर प्लॅस्टिकची फळं, फडताळात नुसत्याच पुठ्ठ्यांची पुस्तकं, घड्याळ बंद. व्हरांड्याला हिरवागार कठडा होता. काकू त्याला टेकून समुद्र बघू लागल्या, पण भाऊ चार हात लांबच उभे राहिले.

"ताकही फुंकून पितोय मी," ते म्हणाले. "त्या दिवशी बस लावून इथे चहा प्यायला टेकलो आणि पॅन्ट गेली. पाटी तरी लावायची!"

"गडबडीत राहिलं," मॅनेजर ओशाळून हसला. तरुण होता, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. "खूप दिवसांनी बस येणार होती. मावशीने त्या सकाळी उठल्या उठल्या कठडा रंगवला."

"दादांचं सांगा."

"देवमाणूस! आमचे खरे सेल्समन तेच. बस आली की निळा कडक इस्त्रीचा शर्ट घालून या व्हरांड्यात बसायचे. लोकांना सांगायचे, इथे किती छान आहे." ताईंकडे न बघता तो पुढे म्हणाला, "एक घर विकून दिलं की त्यांचं घर कंपनी परत घेणार, असं ठरलं होतं."

ताईंनी फक्त पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बोलायचं ते भाऊच बोलले, "सख्ख्या बहिणीला?"

"आणि त्या दिवशी?" काकूंनी विचारलं.

"त्या दिवशी अंथरुणातून उठलेच नाहीत. आम्ही कुणी तिकडे फिरकलोही नाही."

दादांचं घर पलीकडेच होतं, मधे एक मेंदीचं कुंपण. ताईंनी दादाला नेलं तेवढं, बाकी खोली कुलूपबंद ठेवली होती. चादर एका बाजूने ओढलेली होती, दुसऱ्या बाजूला आणि पायाशी अजून घट्ट. कोपऱ्यांवर पाकिटासारखी घडी होती. दाराच्या खुंटीवर निळा शर्ट टांगलेला, इस्त्री न मोडलेला. उशाशी पाण्याचा पेला, अर्धा भरलेला. त्यावर कातरलेल्या कागदाचं गोल झाकण.

भाऊंनी काकूंना बाजूला घेतलं. "काकू, राग मानू नका. अशी चादर नर्स लोकच खोचतात. ताई..."

"खोचतात. पण पेल्यावर कागदाची टोपी कुठली नर्स घालते? चला, आता मावशींना भेटू."

मावशी नमुन्याच्या घरातल्या पलंगावर चादर बदलत होत्या. त्या पलंगावर कधी कुणी झोपलं नव्हतं, तरी आठवड्याला चादर बदलायची. पूर्वी त्या गावातल्या मोठ्या हॉटेलात खोल्या आवरत. पर्यटक आटले, हॉटेल बंद पडलं. आता इथे झाडू, रंग, स्वयंपाक, सगळं त्याच.

"त्या दिवशी दादांकडे गेला होतात?"

"नाही बाई. जेवणावळ होती, श्वास घ्यायला फुरसत नव्हती." बोलता बोलता त्यांनी चादरीचा कोपरा उचलला, पाकिटासारखी घडी घातली आणि तळव्याने गादीखाली सारली. मग उशाजवळचा रिकामा पेला पुसला आणि एप्रनच्या खिशातून कागदाची गोल चकती काढून त्यावर ठेवली.

काकूंनी ती चकती बघितली. त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि प्लॅस्टिकच्या फळांभोवती बसवलं.

"साहेब, दादा अंथरुणातून उठले नाहीत, असं तुम्ही म्हणालात. मग भाऊंच्या पॅन्टला लागलेला हिरवा रंग त्यांच्या तळहातावर कसा आला? कठडा त्याच सकाळी रंगवलेला. म्हणजे त्या सकाळी ते या व्हरांड्यात होते आणि कठडा धरून उभे होते."

मॅनेजरने घसा खाकरला. "आले असतील. मग घरी जाऊन झोपले असतील."

"आणि स्वतःच स्वतःला खोचून घेतलं? आत झोपलेल्या माणसाला फार तर एक बाजू खोचता येईल. दोन्ही बाजू आणि पाय, तेही कोपऱ्यांना घड्या घालून? नाही जमायचं. त्यांना कुणीतरी झोपवलं."

"म्हणजे इथे मेले आणि तिकडे नेऊन ठेवले!" भाऊ उभेच राहिले.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण पाठीशी दोन उशा होत्या. मेलेल्या माणसाला टेकून बसवायची गरज नसते. आणि झाकण ठेवलेला पेला अर्धा प्यायलेला होता."

ताईंना सगळ्यांच्या आधी समजलं. अशा उशा त्यांनी जन्मभर रचल्या होत्या.

"श्वास लागला होता त्याला," त्या म्हणाल्या. "जिवंत होता."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "मी सांगते. साहेब, आता मी सांगणार. कठडा धरूनच ते खाली बसले. घामाने भिजले होते. आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून घरी नेलं. मी म्हटलं, डॉक्टर बोलवा. साहेब म्हणाले, बस गेटात शिरतेय, अँब्युलन्स बघितली तर एक माणूस खाली उतरणार नाही. पाहुणे गेले की लगेच बोलवू. मी मधेमधे जाऊन पाणी पाजलं. शेवटच्या खेपेला त्यांनी पेल्याकडे बघितलंच नाही."

"कुणाला पगार नव्हता हो किती महिने," मॅनेजर म्हणाला. "ते एक घर गेलं नसतं तर गेटला टाळं लागलं असतं. मावशी कुठे गेली असती? दुखणं इतकं मोठं असेल, असं वाटलं नाही मला."

"ताई नर्स आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

मॅनेजर प्लॅस्टिकच्या सफरचंदाकडे बघत राहिला. "दादांनीच सांगितलं होतं. कौतुक होतं त्यांना."

"मला नाही कुणी सांगितलं!" मावशी रडू लागल्या. "ताई, मला माहीत असतं तर धावत आले असते हो. तुम्ही या खोलीतच तर होतात."

"याच टेबलावर," ताई म्हणाल्या. "सही करत होते."

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते. "बस दिवसभर गेटवर उभी होती," ते पुटपुटले. "दवाखान्यात नेता आलं असतं. मी मागच्या सीटवर झोपा काढत होतो."

काकूंनी पोलिसांना फोन लावला, थोडक्यात सांगितलं आणि ठेवला. "ताई, अशी सही रद्द करून घेता येते. वकील मी बघते. आता तुमचा दुसरा प्रश्न. बस यायची की दादा निळा शर्ट घालत. त्या दिवशी तो खुंटीवर तसाच राहिला. ठिगळाचा शर्ट घालून, बरं नसताना, बस यायच्या आधी ते इथवर आले. घर विकायला येणारा माणूस असा येत नाही. मावशी, कशाला आले होते ते?"

मावशींनी डोळे पुसले. "म्हणाले, फोनवर खोटं बोलत राहिलो, आता निभत नाही. मावशी, मला गेटवर घेऊन चल. तिला बसमधून उतरू द्यायचं नाही."

ताईंनी मान हलवली, कुणी औषधाची वेळ सांगितल्यासारखी. मग त्या उठून कुंपणापलीकडच्या घरी गेल्या. काकू मागोमाग गेल्या आणि दारातच थांबल्या.

ताई पलंगाच्या पायाशी वाकल्या होत्या. चादर खरंच घट्ट खोचलेली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. ती सुटली तशी त्यांनी ती नीट दुमडून वर घेतली, दोन पाय बाहेर राहतील एवढी.

"आता बरं वाटेल त्याला," त्या म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसून रडू लागल्या.