दर्याचो काटो

मालवणच्या बाजारात विश्रामचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चहाच्या हॉटेलाला टेकलेली चार फुटी टपरीच. पण माणूस कामाला चोख. भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या, की डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणायचा, "त्यांका माझ्याकडे धाडा. तेलपाणी करून देतंय."

१९८४च्या मे महिन्यात, एका सोमवारी दुपारी, त्याची वहिनी शेवंती देवबागहून एसटीने आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने रुमालाची गाठ सोडली आणि एक जुनं मनगटी घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"गुरवारी बारा वर्सा होतत, भावजी. आता पुतळो जाळूचो म्हणतत भटजी. त्याच्याआधी ह्या एकदा बघा. लाल काटो हलता काय."

माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला, की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. मग बायकोने कुंकू पुसायचं. शेवंतीने आपलं कुंकू त्या लाल काट्यावर टांगून ठेवलं होतं.

घड्याळ विश्रामच्या थोरल्या भावाचं, जयरामचं. गोव्याच्या एका म्हाताऱ्या कप्तानाने त्याला दिलेलं. त्यात सेकंदकाटे दोन होते, एकावर एक: खाली काळा, वर लाल. दोघे जोडीने धावत. बाजूचं बटण दाबलं की लाल जागच्या जागी थांबे, काळा पुढे जाई. पुन्हा दाबलं की लाल एका उडीत काळ्याला गाठे. होडी घेऊन निघताना जयराम बटण दाबी, घड्याळ बायकोच्या हातात देई आणि म्हणे, "येतंय." परतल्यावर पुन्हा दाबी. दोन काटे एक झाले की हसे. "इलंय!" लाल तो दर्याचो, काळो तो घरचो, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

तेव्हा दोघे भाऊ पाळीपाळीने होडीवर जात. शेवटच्या दिवशी पाळी विश्रामची होती. त्याने तापाचं निमित्त केलं. ताप कसला! लग्नाला महिना झाला होता आणि नवी बायको सुनीती घरात होती. जयराम त्याच्याऐवजी गेला. कर्लीच्या खाडीच्या मुखाशी होडी उलटी सापडली; माणूस सापडला नाही. ते खोटं बारा वर्षं माशाच्या काट्यासारखं विश्रामच्या घशात अडकून होतं.

लाल काटा सतरावर उभा होता. शेवंती रोज सकाळी किल्ली देई, म्हणून काळा अजून फिरत होता.

"बटान दाबून बघलंस, वयनी?"

"माका धीर नाय."

विश्रामने दाबलं. लाल हलला नाही. वहिनीला एसटीत बसवून त्याने घड्याळ उघडलं. आत सगळं लख्ख. फक्त लाल काट्याचं चाक धरून ठेवणाऱ्या बारीक चिमट्यावर पाण्याचा एक थेंब होता. त्याने बोटाने टिपून जिभेला लावला. खारट.

घाम असेल आपलाच, तो स्वतःशी म्हणाला. चिमटा पुसला, वाळवला, तेल दिलं.

मंगळवारी सकाळी थेंब पुन्हा होता.

त्या दिवशी त्याने घड्याळ पत्र्याच्या डब्यात, सुक्या तांदळात ठेवलं. बुधवारी तांदूळ कोरडे होते. चिमटा ओला होता. मे महिन्याची दमट हवा, दुसरं काय! पण हे म्हणताना त्याने डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं.

संध्याकाळी सुनीतीला घेऊन तो देवबागला गेला. "गंज धरलो हा, वयनी," त्याने सांगितलं. "काटो आता हलूचो नाय." शेवंतीने घड्याळ घेतलं आणि पुन्हा रुमालात बांधलं.

गुरुवारी सकाळी दहाला घरामागच्या किनाऱ्यावर पुतळा रचला. दर्भ, पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. विश्रामने अग्नी दिला. नारळ फुटल्याचा आवाज अंगणापर्यंत गेला. तिथे शेवंती मूठ आवळून उभी होती.

"चला," भटजी म्हणाले. "मागे वळून पाहायचं नाही. काही बोलायचं नाही."

हे काय सांगायला हवं? एरवी उंबऱ्याबाहेर पडताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो"च म्हणतात. पण अशा जागेवरून निघताना तो शब्द तोंडातून काढायचा नसतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

विश्रामच्या घशात बारा वर्षं अडकलेलं सगळं एकदम वर आलं आणि तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं.

"येतंय हां, दादा."

पुढे चाललेली माणसं थबकली. भटजींनी डोळे मिटून घेतले.

अंगणात शेवंतीने मूठ उघडली. लाल काटा फिरत होता.

काळा सतरावर थांबला होता.

विश्रामने घड्याळ हिसकावून घेतलं. लाल काटा चालतो तो काळ्याच्या जोरावर; काळा थांबला तर लाल फिरूच शकत नाही. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

काळा हलला नाही. त्याचा अंगठा मात्र ओला झाला.

शेवंतीने घड्याळ हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती मोकळी दिसत होती. पदराने कुंकू पुसून ती पडवीत सुनीतीजवळ गेली, घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"रोज सकाळी किल्ली दी गो," ती म्हणाली. "आता तुझी पाळी. इसरा नको."