पोचवून येतो

दिघीच्या त्या गल्लीतून पहिल्या पाळीला जाणाऱ्या पोरी बऱ्याच होत्या, पण बापाला बरोबर घेऊन स्टॉपवर येणारी पुनम एकटीच. चाकणच्या कंपनीची बस मिलिटरीच्या कुंपणाच्या कोपऱ्यावर थांबायची. तिथला खांबावरचा दिवा मनाला येईल तेव्हा लागायचा. म्हणून अण्णा, म्हणजे निवृत्त हवालदार दादू टेमगिरे, अंधारात उठायचे, डाव्या पायाचे पट्टे आवळायचे, दोन्ही बूट चकचकीत करायचे आणि लेकीच्या पुढं दारात उभे राहायचे. डावा पाय गुडघ्याखाली सरहद्दीवर सुरुंगात गेलेला. "उजवा घरचा, डावा सरकारी," ते म्हणायचे. "सरकारी असून रोज टायमात कामाला येतो, आता बोला!"

पुनमला आधी लाज वाटायची. "अण्णा, मी क्वालिटीला इन्स्पेक्टर आहे. शाळेत नाही चालले."

"पोचवून येतो गं. चल."

घरातलं कुणीही उंबऱ्याबाहेर पडलं की हेच. लेक गोरक्ष नोकरीला लागला तेव्हा त्याला एसटी स्टँडपर्यंत, पाहुण्यांना रिक्षापर्यंत. आणि गवराबाईला, म्हणजे पुनमच्या आईला, तर कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा एकटं सोडलं नाही. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं ती बिचारी गावात वाट बघत बसली होती. पाय गमावून परत आले तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला होता, "आता कुठं जायचं तर दोघं." घरात हा शब्द सगळ्यांना पाठ होता, कारण भांडण झालं की आई पहिला तोच काढायची.

अण्णा गेले ते एका दुपारी, पाय चढवत बसले असताना. भाजीला जायचं होतं. एक पट्टा लागला होता, दुसरा हातात होता. आई पिशवी घेऊन दारात उभी होती.

आंघोळ घालताना गोरक्षनं तो पाय सोडवला आणि दाराआड ठेवला. रोज निजताना अण्णा ठेवायचे तिथंच. मग माणसं जमली, गाडी आली, आणि त्या रडारडीत पाय बरोबर द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अग्नी देऊन सगळे परतले. अण्णांची थोरली बहीण सोजराबाई आत शिरली, तिचं दाराआड लक्ष गेलं आणि ती मटकन खाली बसली.

"अगं माझी बाय! भावाला लंगडाच धाडला की आमी!"

तिनंच मग रीतीप्रमाणं, जीव गेला त्या जागेवर पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर पाटी उपडी घातली. सकाळी पिठात जे पाऊल उमटतं तो जन्म माणसाला मिळतो म्हणतात. पुनमचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. दिवसभर गेज लावून पार्ट तपासणारी बाई ती; तिला कशालाही कारण लागायचं.

सकाळी सोजराबाईनं पाटी उचलली. गाईचा खूर नव्हता, चिमणीचा पाय नव्हता. माणसाचं उजवं पाऊल होतं, अंगठ्याशेजारचं बोट पुढच्या बोटावर चढलेलं. अण्णांचं तसंच होतं.

डावं नव्हतं.

"कुणाचा तरी पाय पडला असेल," पुनम म्हणाली.

"पाटीखाली?" गोरक्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाऊल पाटीच्या बाहेर, फरशीवर होतं. मग दाराकडं. प्रत्येक ठिकाणी उजवंच, चवड्याकडं पीठ मागं सरलेलं, उडी मारताना जोर दिल्यासारखं. चौकटीवर पिठाची बोटं उठली होती. पाय काढून ठेवल्यावर अण्णा लंगडी घालत न्हाणीकडं जायचे, तेव्हा चौकटीला धरायचे तिथंच, त्याच उंचीवर. पुनमनं खिडक्या लावून बघितल्या, दाराला चिकटपट्टी लावून बघितली. घरातल्या सगळ्यांचे उजवे पाय पिठात उमटवून जुळवून बघितले. एकाचंही जुळलं नाही.

आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटलीच नाही. तिला आनंद झाला. इतका की तिनं उशीत तोंड खुपसून रडून घेतलं. अण्णा गेले नव्हते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. अण्णांची मेल्यावरही गेली नव्हती.

दहाव्याला सगळे इंद्रायणीच्या घाटावर गेले. पिंडाजवळ कावळा आला, घुटमळला, पण शिवला नाही. गोरक्षनं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. बहिणीचं बघीन. कावळा मान वाकडी करून बघत राहिला आणि उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. पलीकडं आई पायरीवर बसून साबण लावून जोडवी काढत होती. वर्षानुवर्षांची, बोटात रुतलेली.

"आई, राहू दे ना ती. हल्ली कुणी काढत नाही," पुनम म्हणाली.

"ठिवून कुणाला दाखवू?" आई म्हणाली आणि जोडवी पाण्यात सोडली. बोटांवर तेवढे पांढरे वळ राहिले.

तेरावा झाला, सोजराबाई गावी गेली. जाताना बजावून गेली, "आता पीठ बंद कर पोरी. मेलेल्याला वाट द्यावी, आडवू न्हाई." पुनमनं मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा पीठ पसरलं. आई भिंतीला टेकून बघत होती.

पुनम कामावर जायला लागली. पहाटे एकटी निघाली. थोडं चालल्यावर मागून आवाज आला. धप. मग थोडं थांबून पुन्हा धप. तिनं वळून बघितलं नाही. बघितलं तर जातील, असं तिला वाटलं. हळूच एवढंच म्हणाली, "चला अण्णा." आणि नेहमीच्या वेगानं चालत राहिली.

रोज असं चाललं. कंपनीत बाया म्हणायच्या, पुनम सावरली हो लवकर.

मग एक दिवस मोनिका परत आली. मोनिका लातूरकडची, बसमध्ये पुनमच्या शेजारी बसायची. आजारी आईसाठी गावी गेली होती. तिला इकडचं काहीच ठाऊक नव्हतं. पुनम शेजारी बसली तशी ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली,

"काकांचा पाय कुठाय गं?"

पुनमनं चमकून तिच्याकडं बघितलं.

"एका पायावर खांबाला धरून उभे हायेत की. काठी बी न्हाई. लई दमलेले दिसायलेत." तिनं खिडकीतून हातही हलवला. "घामाघूम झालेत बघ. अशा माणसाला कशाला आणतीस रोज?"

पुनमनं तिच्या अंगावरून वाकून बघितलं. खांबापाशी कुणी नव्हतं. बस वळली तेव्हा तिच्या दिव्याचा उजेड खांबावर पडला. खांबाला पिठाची पांढरी बोटं लागली होती, एकाखाली एक, घसरत गेलेली.

त्या दिवशी तिनं किती पार्ट पास केले न् किती परत पाठवले, तिचं तिला कळलं नाही. घरापासून स्टॉप, स्टॉपपासून घर. चढाचा रस्ता. एका पायावर. आणि आपण मजेत पुढं चालत होतो. चला अण्णा म्हणत होतो.

घरी येऊन ती आईच्या मांडीत कोसळली.

"मला ठावं हाय," आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "रोज आयकते मी. तू गेल्यावर लई वेळानं परत येतो. दाराशी बसून दम खातो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुजं तोंड फुललेलं बघत व्हते. जीव झाला न्हाई." मग म्हणाली, "त्याचा पाय त्याला दिऊन टाकू, पुनम. दमलाय गं माजा मानूस."

चाकणजवळ गावाकडं अण्णांची थोडी जमीन उरली होती, बाकीची कंपनीच्या शेडखाली गेलेली. तिथं बांधावर खड्डा करून अण्णांची रक्षा टाकली होती आणि वर आंब्याचं रोप लावलं होतं. रविवारी गोरक्षनं गाडी आणली आणि तिघं पाय घेऊन तिथं गेले. पुनमनं बुटाला पॉलिश केलं.

"नाडीला दुहेरी गाठ मार," आई म्हणाली. "वाटंत सुटली तर त्याला वाकता येत न्हाई."

गोरक्षनं रोपाशेजारी खड्डा केला. पाय ठेवला, माती लोटली. पुनमनं मातीवर हात ठेवला.

"जा आता, अण्णा," ती म्हणाली. "मला नका पोचवू. मी जाईन एकटी."

आणि तिथंच मातीवर डोकं टेकून रडली. आई मात्र रडली नाही. रोपाला पाणी घातलं, पदरानं हात पुसले आणि गाडीत जाऊन बसली. परतताना कंपन्यांच्या शेड मागं जात होत्या, आणि ती नव्या नवरीसारखी खिडकीतून बाहेर बघत होती.

गोरक्ष त्यांना सोडून त्याच्या खोलीवर गेला. संध्याकाळी पीठ आईनं स्वतः पसरलं. हॉलभर, पार उंबऱ्यापर्यंत.

"पाटी?" पुनमनं विचारलं.

"नको. चालायला जागा पायजे." तिनं पेटीतली हिरवी साडी काढली, अण्णांनी शेवटच्या पोस्टिंगवरून आणलेली, आणि उशाला ठेवली. "तू नीज. सकाळी पहिली पाळी हाय ना?"

पहाटे पुनम उठली. दिवा तेवत होता. ती हॉलच्या दारात थांबली.

उजवं पाऊल उघडं होतं. डावं बुटाचं होतं.

उजवं, डावं, उजवं. सरळ, दमदार, एकसारखी पावलं उंबऱ्याकडं गेली होती. चौकटीवर बोटं नव्हती. कशाला धरायची गरजच पडली नव्हती.

पुनम हसली आणि रडली. "गेले," ती स्वतःशीच म्हणाली. "चालत गेले."

मग तिला दुसरी पावलं दिसली.

अण्णांच्या डाव्या बाजूला, चिकटून. लहान, अनवाणी. त्यांच्या प्रत्येक ढांगेला शेजारी एक छोटी टाच. बोटाच्या मुळाशी पिठात कड्याची बारीक रेघ.

स्वयंपाकघरात चहाचं भांडं वाजलं नव्हतं.

"आई?"

आतल्या खोलीत आई निजली होती. हिरवी साडी नेसली होती. चादरीबाहेर पाय आले होते, ते झाकायला पुनमनं हात लावला.

पाय गार पडले होते. तळव्यांना पीठ लागलं होतं.

बोटांत जोडवी होती. तिनं अंगठ्यानं पुसून बघितलं. ती ओली होती, आणि खाचेत नदीची रेती अडकली होती.