शेजारशेजारच्या दोन जागा

जेवणाच्या सुट्टीत चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती फुटपाथवरच्या बाकावर बसून फोनवर फुटबॉलच्या फायनलचं तिकीट बघत होती. तिकीट फेरविक्रीचं. ज्याला जाणं जमत नाही तो विकतो आणि ज्याला राहवत नाही तो वाट्टेल तो भाव देतो, असा तो बाजार. तिला राहवत नव्हतं. शाळेत ती गोलकीपर होती, वाकडी करंगळी ही त्याची खूण. आणि जिला बघून ती गोलात उभी राहायला शिकली, त्या गोलकीपरचा हा शेवटचा सामना होता.

फोनवर ओळ आली – ‘आणखी एक जण हेच तिकीट बघत आहे.’

"आता हा कोण मेला कडमडला?" ती पुटपुटली.

"मीच तो मेला," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज आला.

समोरच्या बेकरीतला होता. भुवयांवर पीठ, चष्म्यावर पीठ, हातात फोन.

"घ्या तुम्हीच," तो म्हणाला. "पण आज नका घेऊ."

"म्हणजे मी थांबायचं आणि तुम्ही उचलायचं? मला काय दुधखुळी समजलात?"

"अहो, पाव आणि तिकीट सारखंच. सकाळी काय तोरा असतो! दुकान बंद व्हायची वेळ आली की मिळेल तो भाव. सामना सुरू झाल्यावर तिकिटाला कुत्रंही विचारत नाही. विकणाऱ्याला घाम फुटेपर्यंत थांबायचं."

"आणि नाहीच मिळालं तर?"

"तर दोघं घरी बसून बघू."

‘दोघं’ जरा लवकरच आलं, असं तिला वाटलं. हरकत मात्र तिने घेतली नाही.

मग ठरलं. रोज बाकावर बसून भाव बघायचा आणि एकमेकांना न सांगता कुणी काही घ्यायचं नाही. त्याने एक बारकावाही सांगितला. सुटं तिकीट आधी उतरतं, शेजारशेजारच्या जागांची जोडी शेवटपर्यंत अडून बसते. तेव्हा दोघांनीही सुटंच घ्यायचं, मिळेल त्या कोपऱ्यात. व्यवहार म्हणून यात काही चूक नव्हती.

भाव काही उतरेना. त्याच्या चष्म्याचा स्क्रू तेवढा रोज सैल व्हायला लागला. स्क्रू असे रोज सैल होत नाहीत, हे पोटापाण्याच्या धंद्यामुळे तिला चांगलं माहीत होतं. तरी ती तो आवळायची, काचा पुसायची आणि चष्मा स्वतःच त्याच्या नाकावर चढवायची.

"आता दिसतं?"

"अंधुक… जरा जवळ या."

"जवळचा नंबर नाहीये तुम्हाला. मीच तपासलाय."

"मग लागला असेल – हल्लीच."

तिचे कान तापले. स्क्रू तिने उगाच आणखी एकदा आवळला.

सामन्याच्या आदल्या दिवशी भाव उतरायचा सोडून चढला.

"उद्या कोसळेल," तो म्हणाला. आवाजात दम नव्हता. "तुम्ही त्या टोकाला असाल, मी या टोकाला… हात करीन."

"एवढ्या गर्दीत?"

"करून तर बघीन."

ती दुकानात परतली. गिऱ्हाईक नव्हतं. उद्या सामना संपेल, दोघं दोन दरवाजांनी बाहेर पडतील, आणि परवा बाकावर बसायला काही निमित्त उरणार नाही. हे तिला सहन होईना. तिला तो आवडला होता, सरळ गोष्ट होती. तिने जोड्या बघितल्या. एकच उरली होती, गोलाच्या मागे. भाव असा की आईला कळला असता तर तिने अंथरूण धरलं असतं.

‘आणखी एक जण हीच जोडी बघत आहे.’

आता कसला करार! तिने बटण दाबलं. मिळाली. हुश्श करून तिने मान वर केली, तर काचेपलीकडे, बेकरीत, तो फोनकडे बघत कपाळावर हात मारून पिठाच्या पोत्यावर बसत होता.

ती बघतच राहिली. मग रस्ता ओलांडून गेली.

"काय झालं?"

"गेली. शेजारशेजारच्या दोन जागा होत्या. कुणीतरी हरामखोराने डोळ्यांदेखत पळवल्या."

"जोडी? ती तर शेवटपर्यंत अडून बसते म्हणालात."

"मीच अडून बसलो होतो… इतके दिवस." त्याने मान खाली घातली. "सामना कुठूनही दिसला असता गं. पण तू शेजारी नसलीस, तर मला काय करायचाय तो?"

पावासाठी ताटकळलेले एक आजोबा खाकरले. कुणी लक्ष दिलं नाही.

"मला न सांगता घेणार होतास?"

"हो."

"करार मोडून?"

"हो."

"बरं झालं." तिने फोन त्याच्यासमोर धरला. काचांवर पीठ होतं, त्याला काही दिसेना. तिने चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "आता दिसतं?"

त्याने वाचलं. परत वाचलं. "म्हणजे तो हरामखोर…"

"मीच ती."

दुसऱ्या दिवशी सामना सुरू व्हायच्या जरा आधी भाव कोसळला असणार, त्याने सांगितला होता तसाच. ती गोलामागे उभी राहून तिच्या गोलकीपरला हात करत होती. डोळे भरले होते. दुसऱ्या हाताची वाकडी करंगळी त्याच्या मुठीत होती.

"भाव उतरला का, बघ ना," ती म्हणाली.

"नाही बघता येणार."

"का?"

"हात मोकळा नाही."