घर उतरवणारा माणूस

सुतळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सुतळीकडे बघतं. हा मेला खांबाकडे बघत होता.

बदलापूर गावातल्या पेठेत आण्णांचं दोरखंडाचं दुकान. खाली दुकान, मागे खोल्या, वर माडी. आण्णांचे गुडघे हल्ली साथ देत नाहीत, म्हणून गल्ल्यावर त्यांची लेक शलाका. गणपती तोंडावर आलेले, दुकानात ही गर्दी… आणि त्या गर्दीत चष्म्यावर पावसाचे थेंब घेऊन आलेला हा उंच, सावळा प्राणी मधला खांब चाचपत होता, बाजारात बैल चाचपावा तसा.

“काय हवंय?”

“बारीक सुतळी. ओळंबा सोडायला.” नजर खांबावरच. “सागवान ना हा?”

“खांब विकाऊ नाही.”

आता कुठे त्याने तिच्याकडे बघितलं. बघितलं ते जरा जास्तच वेळ. “मी सुतळीच मागितली होती,” तो म्हणाला आणि हसला.

हसला, तिथेच शलाकाच्या मनात पाल चुकचुकली. कारणही तसंच होतं. उल्हासनगरला राहणारे मधूकाका हे घर बिल्डरला द्या म्हणून आण्णांच्या हात धुऊन मागे लागले होते, आणि दर महिन्याला कुणीतरी गोडबोल्या पाठवत होते. एक तर देवदर्शनाला आलो म्हणत आत शिरला आणि परसाची मापं घेऊन गेला. घर गेलं की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की आण्णा कुठल्यातरी सातव्या मजल्यावर खिडकीत बसून राहणार.

दुसऱ्या दिवशी बघते तर तो चक्क माडीवर, टेप लावून मापं घेतोय.

“जयदेव नाव त्याचं. अंबरनाथचा आहे. जुन्या घरांचा अभ्यास करतो,” आण्णा म्हणाले. “चांगला मुलगा आहे.”

“तुम्हाला सगळेच चांगले वाटतात, आण्णा.”

मग तिने पाळत ठेवायला सुरुवात केली. चहाचं निमित्त बरं होतं. नाहीतर या माणसाला कोण कशाला चहा देतंय?

“इथे हात लावा,” एकदा तो म्हणाला. खांबाच्या माथ्याशी, काजळीखाली, छिन्नीने मारलेल्या तीन रेघा होत्या. तशाच तीन रेघा तुळईच्या टोकाला. “सुताराच्या खुणा. या खांबावर हीच तुळई. आणि ही खाच बघा, रिकामी. इथे पूर्वी जिना अडकवला असणार. म्हणजे घर आधी दुसरीकडे उभं होतं. सुटं करून, बैलगाड्यांवर घालून इथे आणलं आणि पुन्हा जोडलं.”

“म्हणजे सासरी आलंय,” ती बोलून गेली.

“आणि छान नांदलंय की.”

त्याचं बोट तिच्या बोटाजवळ होतं. अगदी जवळ… तिने हात काढून घेतला, पण जरा उशिराच. स्वतःचाच राग आला तिला.

आणि मग त्या दुपारी जिना चढताना तिने त्याला फोनवर बोलताना ऐकलं. “हो सर, गणपतीच्या आत अख्खं घर उतरवून होईल. माडी उतरवली, आता खालचे खांब.”

तिने चहा तिथेच पायरीवर ठेवला आणि वर गेली.

“आमचं घर उतरवताय?”

“हो… म्हणजे—”

“म्हणून ते गोड बोलणं. सासर काय, नांदणं काय. कितीला ठरलं लाकूड?”

जयदेवने पाटीवरचा मोठा कागद तिच्याकडे फिरवला. त्यावर अख्खी माडी होती. एकेक खांब, एकेक तुळई, पाळण्याची कडीसुद्धा. “कागदावर उतरवतोय,” तो हळूच म्हणाला.

खालून आण्णांचा आवाज आला, “अगं शहाणे, घर पाडायला उतरवतात तेव्हा आधी कौलं काढतात. कौलं जाग्यावर नि माडी उतरली, असं होतं का कुठे?”

शलाकाचे कान तापले. माफी तिने मागितली नाही, पुढच्या चहात आलं मात्र सढळ हाताने घातलं.

दोन दिवस बरे गेले. मग तो मागच्या खोलीतून बाहेर आला तो गंभीर चेहऱ्याने. “आतला खांब वाळवीने पोखरलाय. त्याच्यावरच्या माडीत कुणी झोपू नका.”

“मधूकाकाही हेच म्हणतात,” ती थंडपणे म्हणाली. “घर धोक्याचं आहे, विकून टाका.”

“मग माझं ऐकू नका. स्वतः बघा.”

तिने गोणी शिवायचं दाभण उचललं. दुकानातल्या खांबाला टोचलं, ते तसूभरही शिरलं नाही. मागच्या खांबात मात्र भिजल्या पावात जावं तसं मुठीपर्यंत गेलं. तिचे डोळे भरून आले.

“पाडावंच लागणार ना?”

“कशाला? भिंती नुसता आडोसा आहेत, भार सगळा लाकडाच्या सांगाड्यावर. तुळईला टेकू द्यायचा, हा खांब काढायचा, नवा बसवायचा. अख्खं सुटं होऊन पुन्हा उभं राहिलेलं घर आहे हे. एका खांबाने काय होतंय?”

आण्णांनी त्याच संध्याकाळी मधूकाकांना फोन करून सांगितलं, “घर विकायचं नाही. सुतार सांगितलाय.”

नवा खांब बसला, टेकू निघाला, कागद गुंडाळून झाले. तरी दुसऱ्या दिवशी जयदेव हजर. जिन्याचं माप राहिलं म्हणे. त्यानंतर खिडकीचं राहिलं.

“मला तुमचा अजून संशय येतो,” शलाका म्हणाली.

“आता कसला?”

“तुम्ही घरासाठी येतच नाही.”

त्याने चष्मा काढून पुसला. “नाही येत,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी येतो. आवडता तुम्ही मला. फार.”

तिला हसू येत होतं आणि रडूही. “मी आण्णांना नि या घराला सोडून अंबरनाथला येणार नाही. आधीच सांगते.”

“मग मी इथे येतो. राहायला.”

“लोक घरजावई म्हणतील.”

“म्हणू देत. खोटं थोडंच बोलतील?”

शलाकाने त्याचा चेहरा नीट न्याहाळला, गिऱ्हाइकाने दिलेली नोट उजेडात धरावी तसा. खोट कुठेच सापडेना.

“ये मग,” ती म्हणाली.