जोडी ओळखणारं कार्ड

चारुदत्त सबनीस ताकही फुंकून पिणारे, आणि तेसुद्धा दुधाने तोंड कधी पोळलेलं नसताना. सगळी नोकरी कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, त्यामुळे खात्री केल्याशिवाय हिरवा दिवा द्यायचा नाही हे अंगात मुरलेलं. तेव्हा एका एवढ्याशा कार्डासाठी त्यांनी एस्प्लनेडजवळचा चांदनीचा कॉम्प्युटर बाजार सकाळपासून पालथा घातला, यात नवल काही नव्हतं.

घरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता आणि ऋताने, म्हणजे त्यांच्या लेकीने, बंगळूरहून नवा धाडला होता. जुन्या डिस्कांची ती पट्टीसारखी रुंद केबल लावायला नव्यात जागाच नव्हती. मधे कार्ड बसवायला हवं होतं. साधी कार्डं हवी तेवढी मिळत होती. पण सबनीसांच्या डिस्का दोन, आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवर जसंच्या तसं उमटावं अशी त्यांनी पूर्वी मांडणी केलेली. एक गेली तर दुसरी असावी. तशी जोडी पुन्हा लावून देणारं कार्ड त्यांना हवं होतं.

एवढी काळजी कशाची, तर त्यांच्या बायकोच्या, यामिनीच्या आवाजाची. ऋता कोलकात्यातच वाढली. शाळेतून येऊन ती बंगाली वळणाने ‘आई, मी पाणी खाल्लं’ म्हणू लागली तेव्हा यामिनीने कपाळाला हात लावला आणि ती दर रविवारी कॉम्प्युटरच्या माइकसमोर बसून लेकीसाठी मराठी गोष्टी सांगून ठेवू लागली. ऋता मोठी झाली, सासरी गेली, तरी सवय सुटली नाही. गोष्टींच्या जागी घरच्या गप्पा आल्या, एवढंच.

सहा वर्षांपूर्वी यामिनी गेली. त्याच आठवड्यात कॉम्प्युटरने जोडी तुटल्याचं कळवलं. सबनीसांचं चित्त कुठे थाऱ्यावर होतं. त्यांनी एक डिस्क काढली, यामिनीच्या ताँताच्या, बंगाली सुती साडीत गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. राहिलेल्या डिस्कवर त्यांचं एकट्याचं आयुष्य साठत गेलं, पेन्शनचे कागद, नातवाचे फोटो, असलं सगळं. पुढे तिच्यावरचे नेमके यामिनीचेच आवाज खराब झाले. आता सारी भिस्त कपाटातल्या डिस्कवर होती.

शेवटी एका दुकानदाराने धूळ झटकून एक कार्ड पुढे केलं. “दादा, पुराना माल है,” तो म्हणाला, “पर मियाँ-बीवी दोनों को पहचानेगा.”

घरी येऊन सबनीसांनी कार्ड बसवलं आणि सावधगिरी म्हणून आधी कपाटातली डिस्क एकटीच जोडली. ती चालू झाली. यामिनीच्या सगळ्या गोष्टी ओळीने समोर आल्या. सबनीसांचे डोळे भरून आले.

पण यादी संपेना. यामिनी गेल्यानंतरच्या तारखा दिसू लागल्या, वर्षामागून वर्ष. घड्याळ चुकलं असणार, असं त्यांनी ठरवलं. इंजिनिअर दुसरं काय ठरवणार. मात्र घड्याळ कितीही चुकलं तरी कपाटातली डिस्क स्वतःहून लिहीत नाही, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी मधलीच एक फाइल उघडली.

“ऋता, आज बाबांचे स्वेटर देऊन टाकले गं,” यामिनी म्हणाली. “निळा तेवढा ठेवलाय.”

आवाज तिचाच, थोडा थकलेला. अधूनमधून खोकत होती. तो खोकला त्यांच्या ओळखीचा नव्हता. मागून मेट्रो गेल्याचा आवाज आला. यामिनी गेली तेव्हा त्यांच्या बेहाल्यातून मेट्रो धावत नव्हती.

ते ऐकत राहिले. तिच्या त्या आयुष्यात गेले होते ते सबनीस, आणि त्यांच्यामागे ती एकटी राहिली होती. पेन्शनसाठी खेटे घालत होती, नातवाच्या बारशाला एकटी गेली होती, एका माणसाचा भात अजून जमत नाही म्हणत होती. सबनीसांचाही भात रोज उरत असे. तिची त्यांना इतकी दया आली की भीती वाटायची राहूनच गेली.

शेवटच्या फाइलवर कालची तारीख होती.

“चांदनीतून कार्ड आणलं. बाबा असते तर दहा दुकानं फिरले असते, मी पहिल्याच दुकानात घेतलं. त्यांची डिस्क कपाटात आहे. उद्या लावते. त्यांचा आवाज कुठे सापडतो का बघते.”

तेवढ्यात डिस्क कट् कट् वाजू लागली. मरणाऱ्या डिस्कचा आवाज सबनीस ओळखत होते. घाईने त्यांनी फाइली नव्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, तर तिथे नुसती घरघर ऐकू आली. आता एकच उपाय होता, जोडी पुन्हा लावून तिचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उमटवायचा. त्यांनी आपली डिस्क तिच्या शेजारी जोडली.

पडद्यावर कार्डाने विचारलं, दोघींपैकी खरी कुठली? दुसरी पुसली जाईल.

एका रुळावर समोरासमोरच्या दोन गाड्यांना हिरवा देता येत नाही, हे सबनीसांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी आपल्या सहा वर्षांचा हिशेब मनात केला. त्यात विशेष काही नव्हतं. खुणेची पट्टी त्यांनी यामिनीच्या डिस्कवर नेली.

पट्टी सरकून त्यांच्या डिस्कवर आली.

त्यांनी ती पुन्हा तिच्यावर नेली. पट्टी पुन्हा त्यांच्यावर आली, या वेळी जरा ठासून.

सबनीसांनी हात मागे घेतला. पलीकडे कोण बसलं आहे, हे त्यांना कळलं. तीसुद्धा स्वतःला पुसायला निघाली होती.

“यामिनी,” ते हळूच म्हणाले, “एवढं एक माझं ऐक.”

त्यांनी पट्टी तिसऱ्यांदा नेली. ती किंचित थरथरली आणि तिथेच थांबली. त्यांनी बटण दाबलं.

कट् कट् थांबली.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. ते उठायच्या आत कुणीतरी घेतला.

“हो गं ऋता, लागलं कार्ड,” यामिनी म्हणाली आणि खोकली. “माझं सगळं आलं. बाबांचं काहीच नाही राहिलं बघ.”

सबनीसांना इतका आनंद झाला की हाक मारायचंही सुचलं नाही.

पावलं जवळ आली. पदराने डोळे पुसत ती आत आली, आणि ते बसले होते त्याच खुर्चीत बसली.

सबनीसांना उठावं लागलं नाही.