नववा खण

डोंगराची कड उतरून, तळ्याकाठानं चालत पुतणी आणि तिच्या ऑफिसातले तिघं वसतिगृहात पोचले, तेव्हा तिथला कारभार बघणाऱ्या तिच्या काकांनी पहिलं काम सांगितलं ते बूट लावायचं. दाराशी लाकडी मांडणी होती. वीस खण, प्रत्येकावर रंगवलेला आकडा.

"कुठेही ठेवा. नऊ नंबर सोडून."

"का हो काका? तिथे भूत राहतं का?" पुतणीनं हसत विचारलं.

काका हसले नाहीत. जेवणं होईपर्यंत तिघांनी त्यांना तोच प्रश्न विचारून भंडावून सोडलं. शेवटी शेगडीजवळ खुर्ची ओढून ते बसले.

"माझ्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट आहे. सतरा डिसेंबर, शुक्रवारची रात्र. हेच घर. तो चालायला आला होता. फार शिस्तीचा. दुसऱ्यांच्या शिस्तीचा, असं म्हणा."

तिघं हसले.

"इथली पद्धत अशी, की रात्री नऊला मॅनेजर खणातले बूट मोजायचा आणि कडी लावायचा. तो म्हणायचा, माणसं मोजायला गेलं की हलतात, बूट हलत नाहीत. म्हणून माणशी एकच जोड खणात. दुसरा असेल तर पिशवीत. आमच्या या गृहस्थानं सकाळी हा नियम सगळ्यांना दोनदा समजावला होता. एक टपालवाल्या बाई होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्याच आलेल्या. त्यांनी चपला खणात ठेवल्या, तर त्यांना चारचौघांत बोलला. बाई हसून म्हणाल्या, चुकलं हो."

"असले लोक सगळीकडे असतात," एक जण म्हणाला.

"असतात. त्या दिवशी त्याचे नवे बूट चावले. वाटेत त्यानं जुने घातले. आल्यावर दोन्ही जोड चिखलानं माखलेले, आणि पिशवी कोरी करकरीत. म्हणून जुने आठव्या खणात ठेवले, नवे नवव्यात. म्हटलं, कोण बघतंय."

काकांनी शेगडीतले निखारे सारखे केले.

"नऊला मॅनेजरनं मोजले. चौदा माणसं, चौदा जोड. कडी लावली आणि मागच्या खोलीत जाऊन झोपला. टपालवाल्या बाई रात्री जेवत नसत, कोपऱ्यातल्या खोलीत एकट्या असत. त्या दिसत नाहीत, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्या तळ्याच्या पलीकडे होत्या. पाय मुरगळून."

आता कुणी हसत नव्हतं.

"पावणेबाराला दार वाजलं. तीनदा. हळू... लोकांची झोपमोड नको म्हणून वाजवतात ना, तसं. त्याची खाट दारावरच्याच खोलीत. तो जागा झाला. आणि एकदम त्याला कळलं. चौदातले दोन जोड आपले."

"मग उतरला ना?"

"उतरलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, की नियम सांगणाऱ्यानंच... त्यानं विचार केला, मॅनेजर उठेल. दुसरं कुणी उठेल. परत वाजलं. मग खालून आवाज आला. अगदी हळू. सकाळपासून सगळे त्याला चिडवत होते, त्याच नावानं. 'हेडमास्तर... जागे आहात ना? दार उघडता का?'"

पुतणीची मान झटकन वर झाली. तिचे बाबा धाकट्या भावाला आजही घरात हेडमास्तर म्हणत. ती काकांकडे बघत राहिली. काका शेगडीकडे बघत होते.

"त्यानं पांघरूण डोक्यावर घेतलं."

"...मग?"

"मग काही नाही. आवाज थांबला."

काकांनी शेगडीत कोळसा टाकला.

"चारला तो खाली आला. दार उघडायला नाही हं. नवे बूट लपवायला. बॅटरी मारली. त्याचे बूट खाली जमिनीवर होते. जोडीनं, नीट लावलेले. आणि नवव्या खणात... बाईंचे बूट. लहान. नाड्या आत खोचलेल्या. पाणी ठिबकत होतं."

"म्हणजे कुणीतरी दार उघडलं होतं!"

"त्यालाही तेच वाटलं. इतकं हलकं वाटलं त्याला! जाऊन झोपला. वर जाता जाता दाराकडे नजर गेली होती. कडी आतून लागलेली होती."

काकांनी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"सकाळी बाई सापडल्या. तळ्याकडे वळताना झाड आहे, त्याखाली. अनवाणी. थंडीनं. डॉक्टर म्हणाले, एक-दीडच्या सुमारास."

"पण बूट तर आत..."

"हो ना. मॅनेजर शपथेवर सांगत होता, मी कडी लावली होती, सकाळी मीच काढली. कोण ऐकतं? सगळे म्हणाले, बाई आत आल्या होत्या, रात्री झोपेत उठून अनवाणी बाहेर गेल्या. कडी लावलीच नसणार यानं. त्याची नोकरी गेली. बायकापोरांना घेऊन हे घर सोडून गेला."

"आणि तो गृहस्थ?"

"उभा होता तिथेच. ऐकत."

पुतणीनं हळूच विचारलं, "मॅनेजरला नंतर कधी सांगितलं का... त्यानं?"

काकांनी खुर्ची मागे सरकवली.

"तीनदा त्याच्या घरापर्यंत गेलो. दार वाजवायचा धीर झाला नाही."

एवढं बोलून ते उठले. बोलताना काय निसटलं, ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. दाराची कडी त्यांनी लावली नाही. दाराशीच सतरंजी अंथरली, आणि म्हाताऱ्या माणसासारखे, हळूहळू, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

पुतणीला झोप आली नाही. पहाटे ती खाली आली. दार पुढे लोटलेलं. काका उठून बसले होते, हात मांडीवर, मान खाली. ती त्यांच्या शेजारी बसली.

उजेड आला, तशी मांडणी दिसायला लागली. त्यांच्या चौघांच्या बुटांवरचा तळ्याकाठचा चिखल वाळून खडखडीत झाला होता. पाऊस महिनाभरात नव्हता.

नवव्या खणात मात्र दोन लहान तळव्यांएवढं पाणी साचलं होतं.